खोबरेल तेल, आपले स्पिरीट आणि सभासदाचा पैसा



उपपदार्थांचा विषय निघाला की आपली चर्चा इथेनॉलपाशी येऊन थांबते. इथेनॉल चांगलेच, पण गिऱ्हाईक एकच, आणि भाव व नियम दिल्लीचे. ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गळीत हंगामात, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी आली. आठवडाभरात ती सैल झाली, ऑगस्ट २०२४ मध्ये पुढील वर्षासाठी निर्बंध उठले. पण तोवर कर्जाचे व्याज थोडेच थांबते? स्पिरीटला दुसरे गिऱ्हाईक हवेच.

शेजारच्या कोपरगाव तालुक्यात, साकरवाडीला, गोदावरी बायोरिफायनरीज ही खाजगी कंपनी मद्यार्कापासून इथाइल अ‍ॅसिटेट बनवते. हा मद्यार्क आणि आम्ल यांचा एस्टर. खोबरेल तेलापासूनही एस्टर होतात. या तेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असते; त्याचे एस्टर सौंदर्यप्रसाधनांत, सुगंधी द्रव्यांत जातात.

कृती ऐकायला सोपी. १०० किलो तेलाला हिशेबाने २०-२१ किलो इथेनॉल लागते. क्रिया पुरी व्हावी म्हणून दुप्पट घालतात. त्यात किलोभर कॉस्टिक विरघळवून ७० अंशांच्या आसपास ढवळायचे. ग्लिसरीन खाली बसते, एस्टर वर राहतो.

खरी गोम पुढेच आहे. रेक्टिफाइड स्पिरीटमध्ये शेकडा पाचच्या आसपास पाणी असते. पाणी, कॉस्टिक आणि तेल एकत्र आले की झाला साबण! म्हणून निर्जल इथेनॉलच हवे, तेलही कोरडे हवे. जादा मद्यार्क उडवून परत घ्यायचा, मग एस्टर कोमट पाण्याने धुवायचा, वाळवायचा. शेवटी निर्वातात ऊर्ध्वपातन. लॉरिक एस्टर उघड्यावर २७० अंशांच्या आसपास उकळतो. पॅनमध्ये आपण पाक उकळतो तसाच निर्वातात तो कमी उष्णतेवर निघतो. हलके एस्टर आधी, लॉरिक मागून.

पैसा आहे तो या सफाईत. न शुद्ध केलेल्या एस्टरला फार तर इंधनाचा भाव, आणि महागडे खोबरेल इंजिनात जाळणे हा धंदा नव्हे. नुसता रस काढला म्हणून साखर होत नाही, तसेच हे.

तेव्हा असा प्रकल्प पुढे आला, तर वार्षिक सभेत तीन प्रश्न विचारा. नाशिकला नारळ पिकत नाही. मग तेल कुठून व कोणत्या भावाने आणणार? जादा घातलेला मद्यार्क परत किती मिळणार? शुद्धता तपासून माल उचलण्याचे लेखी कोण देणार? उत्तरे मिळेपर्यंत ऊसबिलातून एक पैसाही ठेव कापू देऊ नका. चोख उत्तरे मिळाली, तर मात्र मागे राहू नका.