धुराची किंमत कोणी भरावी?

मुंबईच्या पाच प्रवेश-नाक्यांवर मोटारींकडून घेतला जाणारा ४५ रुपयांचा टोल राज्य सरकारने १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून माफ केला. विधानसभेची निवडणूक तेव्हा महिनाभरावर आली होती! पुढे ९ मे २०२५ रोजी बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले. हे निर्णय निरनिराळ्या कचेऱ्यांतून निघाले असतील. परंतु मोटारवाल्याचे पैसे वाचले आणि बसच्या रांगेतील कामकऱ्याचे दुप्पट गेले, हे कोणाला नाकारता येईल?

धम्माच्या पाक्षिकाने टोलची उठाठेव कशाला करावी, असे एखादा वाचक विचारील. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, हे नवदीक्षित घरातील लहान मूलही जाणते. त्याआधीच्याच महिन्यात मुंबईच्या कायदेमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसाऱ्यावर कोरडे ओढले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. लहान शेतकरी आणि मोठा जमीनदार यांना एकाच मापाने कर लावणे अन्यायाचे आहे, कर ऐपत पाहून घ्यावा, असा त्यांचा मुद्दा होता. पाण्याचा हक्क आणि कराचा न्याय या एकाच लढ्याच्या दोन बाजू होत, असे आम्ही मानतो.

आज प्रश्न हवेचा आहे. धूर सोडणारा त्याची किंमत देत नाही. ती हमरस्त्यालगतच्या वस्तीतील माणूस खोकल्याच्या औषधावर देतो. जो प्रदूषण करील त्याने भरपाई करावी, हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच सांगितले आहे. २०१५ मध्ये त्याच न्यायालयाने दिल्लीत शिरणाऱ्या मालट्रकांवर भरपाईशुल्क बसविले. लंडनने तर २००३ पासून शहराच्या मध्यभागी येणाऱ्या मोटारींवर दररोज ५ पौंडांचे शुल्क लावले आणि त्याचे निव्वळ उत्पन्न वाहतुकीच्या सुधारणेवरच खर्च करण्याचे बंधन घालून घेतले. आपल्याकडे उलटी गंगा वाहते. ३० लाखांहून अधिक किमतीच्या विजेच्या मोटारींवर ६ टक्के कर २०२५ च्या अर्थसंकल्पात सुचविला गेला, तोही त्याच महिन्यात मागे घेण्यात आला.

बेस्ट तोट्यात आहे, भाडे वाढविल्यावाचून गत्यंतर नव्हते, असे सांगितले जाते. तोटा आम्हीही नाकारीत नाही. टोल हा उड्डाणपुलांच्या खर्चासाठी होता, हवेसाठी नव्हता, हेही खरे. पण तो नाक्यांवर वर्षानुवर्षे वसूल होत होता. तो माफ करण्याऐवजी त्याचेच धूरशुल्क करून बेस्टला दिले असते, तर बसही स्वस्त राहिली असती आणि मोटारींनाही आळा बसला असता. तसे शुल्क आता लावावे आणि बसचे भाडे पूर्ववत ५ रुपये करावे, अशी आमची मागणी आहे.

एक गोष्ट मात्र सरकारने ध्यानात ठेवावी. आपले कित्येक बांधव जुना टेम्पो किंवा रिक्षा चालवून कुटुंब पोसतात. त्यांना नवे वाहन घेण्यासाठी प्रथम स्वस्त कर्ज मिळाले पाहिजे. त्याआधीच दंड करून त्यांना रस्त्यावरून हटविणे आम्हाला मान्य होणार नाही.