छंदावर कुऱ्हाड कशाला?

परीक्षा जवळ आली की घरात पहिली कुऱ्हाड कशावर पडते? छंदावर! तिकिटांचा संग्रह कपाटात जातो, कुंडीतल्या रोपांना पाणी घालायलाही कोणाला वेळ नसतो. अभ्यास आणि छंद एकत्र नांदूच शकत नाहीत, असे आपण धरून चालतो. मला हे पटत नाही. का, ते सांगतो.

जमीन, पाणी, जंगल यांविषयीचे निर्णय कोण घेतो, त्यांचा लाभ कोणाला होतो आणि झळ कोणाला लागते, याचा अभ्यास म्हणजे राजकीय परिसरविज्ञान. या अभ्यासात अमेरिकेतील येल विद्यापीठाचे प्राध्यापक जेम्स स्कॉट (१९३६–२०२४) यांच्या ग्रंथांना मोठा मान आहे. १९७८ ते १९८० या काळात त्यांनी मलेशियातील केदाह राज्यात एका लहानशा खेड्यात राहून संशोधन केले. कालव्याचे पाणी आल्यामुळे तेथे वर्षातून भाताची दोन पिके निघू लागली होती. उत्पन्न वाढले, पण पाठोपाठ कापणी-मळणीची यंत्रे आली आणि गरिबांची मजुरी बुडाली. एकरी उत्पादनाच्या आकड्यात ही बुडालेली मजुरी दिसत नाही. ती कळायला गावातच राहावे लागते.

हेच प्राध्यापक आपल्या शेतावर मेंढ्या पाळत आणि मधमाश्याही ठेवत. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात मधमाश्यांच्या पेटीचा एक सुंदर दाखला आहे. एरवी पोळ्यात अंडी, परागकण आणि मध यांची मांडणी माश्या आपल्या सोयीने करतात. आधुनिक पेटीत मात्र राणीमाशीला वर जाऊ न देणारी जाळी असते. त्यामुळे वरच्या चौकटींत फक्त मध साठतो. चौकट उचलली की मध हाती. पोळे मोडावे लागत नाही! पेटी चांगलीच, पण तिची रचना माणसाच्या सोयीची आहे.

जर्मनीतील वनाधिकाऱ्यांनी अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत जंगलाचीही अशीच सोयीची मांडणी केली. झुडपे आणि पडलेली लाकडे काढून टाकली, स्प्रूस या एकाच जातीची झाडे रांगेने लावली. हिशेब सोपा झाला. पहिल्या पिढीत लाकूडही भरपूर मिळाले. दुसऱ्या पिढीत मात्र झाडांची वाढ मंदावली. कुजणारा पालापाचोळा, बुरशी, कीटक, पक्षी यांचे जे जाळे माती सकस ठेवत होते, त्याला हिशेबाच्या वहीत रकानाच नव्हता.

मोजमाप हवेच, त्यावाचून विज्ञान चालत नाही. पण रकान्याबाहेर काय राहून गेले, हे ओळखणारी नजर सजीवांच्या सहवासात तयार होते. उद्या तुमच्यापैकी कोणी कालवे बांधील, कोणी नवे बियाणे काढील, कोणी शेतीच्या योजना आखील. त्यांत हजारो लोकांची शेते आणि मजुरी गुंतलेली असेल. त्या वेळी ही नजर नसेल तर किंमत दुसऱ्यांना मोजावी लागेल.

म्हणून वेळापत्रकात रोजचा अर्धा तास छंदासाठी राखून ठेवा. मुंग्यांची रांग न्याहाळा, शेळीचे करडू सांभाळा, नाहीतर कुंडीत मिरची लावा. ती सुकली, तर का सुकली ते शोधा. तोही अभ्यासच आहे!