बिडी-खर्रा सोडायला औषध घेण्यात कमीपणा कसला?



आमच्या खात्याने लागण, बेणे, खते यांवर लिहावे अशी या पत्रिकेची रीत आहे. या खेपेस थोडे निराळे लिहीत आहे. ऊसनोंदीच्या निमित्ताने अमरावती-अकोल्याकडे बांधाबांधाने फिरणे होते. तंबाखूचा विषय निघाला की एकच उत्तर ऐकू येते, "सायेब, मनात आनलं त उद्याच सोडतो. त्याले औषध कायले लागते?"

बोलणे हिमतीचे आहे, पण हिशेबात बसत नाही. २००२ साली राज्यात उसावर लोकरी मावा आला, तेव्हा ऊस आपला आपण तग धरील असे कोणी म्हणाले नाही. मग माणसानेच निव्वळ मनाच्या जोरावर का भागवावे? माळ घालून, शपथ घेऊन सोडणारे आहेत, त्यांना नमस्कारच. परंतु २०२३ साली जगभरच्या चाचण्यांचा एकत्रित हिशेब मांडला गेला, त्यात औषधाविना धूम्रपान सोडू पाहणाऱ्या शंभरांपैकी सहाच जण सहा महिन्यांनंतरही दूर राहिले. निकोटिनचा गम किंवा पट्टी वापरणारे नऊ, आणि व्हॅरेनिक्लिन नावाच्या गोळ्या घेणारे चौदा. चौदा म्हणजे फार नव्हेत, हे खरे. पण सहाचे चौदा करणारे बेणे निघाले, तर राजेहो, तुम्ही आमच्या कचेरीसमोर रात्रीपासून रांग लावाल!

दुसरी शंका अशी की निकोटिन सोडायला पुन्हा निकोटिनच कशाला? निकोटिन आपल्याला नवे नाही. तंबाखूचा काढा माव्यावर फवारण्याची रीत जुनीच, आणि आज आपण वापरतो ते इमिडाक्लोप्रिड निकोटिनच्याच धर्तीवर किडीच्या मज्जातंतूंवर काम करते. माणसात ते सवय लावते. बिडीच्या झुरक्यातून दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचते, पाटाचे पाणी एकदम सोडल्यासारखे. कातडीवर लावायची पट्टी म्हणजे ठिबक. थोडे थोडे मिळते, तलफ आवरते, आणि पुढे तेही कमी करत न्यायचे. कर्करोग होतो तो मुख्यतः धुरातल्या आणि तंबाखूतल्या इतर विषांमुळे. ती विषे गममध्ये नाहीत.

गम 'चालत नाही' असे म्हणणारे बहुतेक जण तो खर्ऱ्यासारखा चावत राहतात. मग उचकी लागते, मळमळते आणि पाकीट कोनाड्यात जाते. त्याची रीत वेगळी आहे. पाच-दहा वेळा सावकाश चावायचा, तोंडात चुरचुरले की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा, चुरचुर थांबली की पुन्हा चावायचा. असे अर्धा तास. औषध गालातून रक्तात जाते, गिळलेले वाया जाते. त्याआधी पंधरा मिनिटे आणि तो तोंडात असताना चहा किंवा आंबट काही घ्यायचे नाही. आपल्याकडे अवघड भाग हाच, कारण ज्याच्या वाड्यावर जावे तो आधी चहाच टाकतो! सुरुवातीला दिवसाला आठ-दहा गम लागतात आणि ते सुमारे तीन महिने चालवायचे. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात, चिडचिड होते, झोप उडते. नेमका तिथेच माणूस सोडून देतो. नत्राची मात्रा आपण चार हप्त्यांत विभागून देतो. पहिला हप्ता टाकून पीक आले नाही म्हणून कोणी खताला शिव्या देत नाही.

दोन मिलिग्रॅमचा गम दुकानात चिठ्ठीविना मिळतो. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत ज्याला पहिली बिडी लागते त्याला चार मिलिग्रॅमचा लागतो, आणि तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. गोळ्याही डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. ज्याला फिट येते त्याने बुप्रोपियॉन घेऊ नये. हृदयविकार असलेल्यांनी आणि गरोदर बायांनी आधी विचारावे.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. वरचे आकडे ओढणाऱ्यांचे आहेत आणि आपल्याकडे खरी अडचण खर्ऱ्याची. २०१६-१७ च्या पाहणीत महाराष्ट्रात शंभर प्रौढांमागे सुमारे चोवीस जण बिनधुराची तंबाखू वापरणारे निघाले, ओढणारे चारसुद्धा नाहीत. गुटखाबंदी २०१२ पासून आहे. ती किती पाळली जाते ते टपरीवर दिसतेच. चघळणाऱ्यांवर या औषधांच्या चाचण्या कमी झाल्या आहेत. तरी डॉक्टर त्यांनाही ती देतात, मात्र सोबत कोणीतरी विचारपूस करणारा पाहिजे. गडचिरोलीत २०१६ पासून चाललेल्या 'मुक्तिपथ' अभियानात गावाची संघटना आणि तालुक्याला उपचार अशी जोड घातली आहे, ती मला पटते.

निकोटिनचे हे औषध २०२२ साली अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आले आहे. म्हणून माझी सूचना अशी की कारखान्याच्या दवाखान्यात गम आणि पट्टी ठेवावी, पहिल्या महिन्याचा खर्च सभासद कल्याण निधीतून करावा, आणि तोडणी मजुरांनाही तीच सवलत असावी. वार्षिक सभेत कोणी सभासदाने हा विषय मांडला तर बरे होईल.

तोवर केंद्र सरकारची फुकट दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १८००-११-२३५६. फोन लावण्यापूर्वी दिवसाला किती बिड्या किंवा किती पुड्या लागतात, आणि उठल्यावर पहिली किती वेळाने लागते, हे नीट आठवून ठेवा. मात्रा त्यावरच ठरते.

– ऊस विकास अधिकारी