जुनी एसयूव्ही : भाव उतरतो, दुरुस्तीचा दर उतरत नाही

गाडीसाठी व्याजाचे कर्ज काढायचे नाही असे ठरवलेल्या घरांपुढे बहुधा एकच मार्ग असतो. पैसे साठवायचे, भिशी लागली की त्यात भर घालायची आणि जुनी गाडी रोखीने घ्यायची. अब्बांना दवाखान्यात न्यायचे असते, निकाहाला सगळ्यांनी मिळून जायचे असते, गावाकडचा रस्ता खडबडीत असतो. म्हणून नजर उंच पण छोट्या एसयूव्हीवर जाते.

अशा गाड्यांत फोर्डची इकोस्पोर्ट अनेकदा परवडणाऱ्या भावात दिसते. ती २०१३ मध्ये आपल्याकडे आली. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातले गाड्यांचे उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, आणि तेव्हापासून जुन्या बाजारात गिऱ्हाईक जरा बिचकते. गाडी मजबूत आहे, जमिनीपासून २०० मिलिमीटर उंच आहे. पण एक हिशेब विसरू नये. दहा लाखांची गाडी साडेतीन लाखांना मिळाली, तरी तिचा क्लच साडेतीन लाखांच्या गाडीचा होत नाही. सुटे भाग आणि मजुरी आजच्याच दराने द्यावी लागते.

इंजिनाप्रमाणे दुखणी

१.५ लिटर डिझेल हे यातले सर्वांत निर्धास्त इंजिन समजले जाते. मात्र त्याला टायमिंग बेल्ट आहे. सेवापुस्तिकेत दिलेले किलोमीटर किंवा वर्षे, जे आधी पूर्ण होईल तेव्हा तो बदलावाच लागतो. तुटला तर झडपा आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिन उघडावे लागते. बेल्ट बदलल्याचे बिल विक्रेत्याकडे नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरावे. शिवाय रोज फक्त शाळा आणि बाजार एवढीच धाव असेल तर डिझेल घेऊ नये. थोड्या अंतरात इंजिन नीट तापत नाही आणि ईजीआर झडपेत काजळी साचते.

१.० लिटर इकोबूस्ट पेट्रोलमध्ये बेल्ट तेलातच फिरतो. चुकीचे तेल घातले किंवा तेल वेळेवर बदलले नाही, तर बेल्टचे कण सुटून तेलाचा मार्ग बंद करतात. हे इंजिन जास्त तापू देणेही महागात पडते. सर्व्हिसची पूर्ण नोंद नसेल तर या गाडीच्या वाटेला जाऊ नये.

सुरुवातीच्या १.५ पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये दोन क्लचचा गिअरबॉक्स आहे. हळू वाहतुकीत धक्के बसणे, गाडी थरथरणे ही त्याची जगभर माहीत असलेली तक्रार. दुरुस्ती पन्नास हजारांच्या पुढे सहज जाते. २०१७ च्या अखेरीस आलेल्या नव्या रूपात वेगळा, टॉर्क कन्व्हर्टरचा गिअरबॉक्स आहे. ऑटोमॅटिकच हवी असेल तर ती पाहावी.

सर्वच इकोस्पोर्टमध्ये मागचा दरवाजा बाजूला उघडतो आणि बहुतेकींत स्टेपनीचे वजन त्याच्यावरच असते. दरवाजा खाली झुकला आहे का, लावताना उचलावा लागतो का, हे पाहावे. गाडी किनारपट्टीवर वापरलेली असेल तर ती जॅकवर उचलून खालचा गंज जरूर तपासावा.

पहिल्या वर्षाचा अंदाज

आठ-दहा वर्षांच्या डिझेल गाडीला बाहेरच्या चांगल्या गॅरेजमध्ये साधारण एवढा खर्च धरावा. शहर आणि भागाची प्रत यांनुसार फरक पडेल.

• चार टायर : २२ ते २८ हजार
• टायमिंग बेल्टचा संच : १० ते १४ हजार
• क्लच : १८ ते २५ हजार
• लोअर आर्म, बुश, लिंक रॉड, शॉकअब्सॉर्बर : १२ ते १८ हजार
• बॅटरी : ५ ते ७ हजार

सगळे एकाच वर्षात आले तर ६७ ते ९२ हजार. टर्बो किंवा इंजेक्टर यात धरलेले नाहीत. म्हणून हातात चार लाख असतील तर गाडी तीन लाख वीस हजारांपर्यंतचीच पाहावी आणि ऐंशी हजार बाजूला ठेवावेत. सगळी रक्कम किमतीत घातली, तर पहिल्या मोठ्या दुरुस्तीला दागिने गहाण पडतात किंवा ज्या व्याजापासून वाचायला इतकी वर्षे बचत केली, तेच व्याज घरात येते.

सौद्याच्या दिवशी

गाडी सकाळी, इंजिन थंड असताना पाहावी. विक्रेत्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत यावे. आपला मिस्त्री सोबत न्यावा. त्याला द्यावे लागणारे हजार-दोन हजार वाया जात नाहीत. कर्जाचा बोजा आरसीवरून उतरला आहे का ते पाहावे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१४ च्या गाडीला २०२९ मध्ये फिटनेस तपासणी करून नूतनीकरण करावे लागेल. नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३० वर त्याच दिवशी सह्या घ्याव्यात.

आणि विकताना

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. भिजलेले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाही असे बजावले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. मीटर मागे फिरवणे, गंजावर काळा रंग मारणे, इशाऱ्याचा दिवा काढून टाकणे म्हणजे ओले धान्य खाली दडपणेच. फिकहमध्ये लपवलेला दोष निघाल्यास सौदा परत करण्याचा हक्क खरेदीदाराला आहे. त्याला खियार-ए-ऐब म्हणतात.

म्हणून गाडी घरी आली की एक वही घालावी : तारीख, किलोमीटर, काय बदलले, किती रुपये. महिन्याचे बजेट तिच्यावरून ठरेल. आणि गाडी विकायची वेळ येईल तेव्हा तीच वही, न बोलणाऱ्या दोषांसकट, पुढच्या घरच्या माणसांच्या हाती द्यावी.