श्वासाचा जमाखर्च

बेळगावच्या कॉलेजच्या अंकात समुद्राच्या तळाशी जाणाऱ्या लोकांवर लेख पाहून काही वाचक हसतील, याची मला कल्पना आहे. आपल्याकडे पाऊस आहे, धुके आहे, कुंदा आहे. समुद्र मात्र घाट उतरल्याशिवाय दिसत नाही. तरीही हा विषय आपला आहे असे मला वाटते. का, ते सांगण्यासाठीच हा लेख.

गेल्या जानेवारीत आम्ही वर्गातले अकराजण तारकर्लीला गेलो होतो. तिथे स्कूबा डायव्हिंग करायचे हे निघण्याआधीच ठरले होते. पैसे भरले, एका इंग्रजी फॉर्मवर सह्या केल्या. फॉर्म कोणीही वाचला नाही. आम्ही वाणिज्य शाखेचे विद्यार्थी! करार वाचल्याशिवाय सही करू नये, हे परीक्षेत आम्हीच पानभर लिहितो. होडीत कोणीतरी विचारले, ‘पोहता कोणाकोणाला येते?’ अकरापैकी सातजणांनी माना हलवल्या. त्या सातांत मी होते. ‘काही हरकत नाही,’ असे उत्तर मिळाले आणि आम्ही निर्धास्त झालो.

कमरेला शिशाची वजने, पाठीवर हवेची टाकी, तोंडात रबरी नळी. मला खाली नेणारा दादा मालवणचाच होता. ‘घाबरा नको गो, श्वास घेत रव,’ एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. खाली गेल्यावर पिवळे-काळे पट्ट्यांचे मासे माझ्या हाताशी आले. दादाने बोटांनी विचारले, सर्व ठीक ना? मला इतका आनंद झाला होता, की मी अंगठा उंच करून दाखवला. दादाने लगेच मला वर आणले. पाण्याखाली अंगठा वर करणे म्हणजे ‘छान’ नव्हे, ‘मला वर न्या’! ठीक असल्याची खूण अंगठा आणि तर्जनी जुळवून करायची असते. होडीत बसण्यापूर्वी त्याने हे सांगितले होते, पण आम्ही तेव्हा फोटो काढत होतो. होडीतल्या कन्नड विभागाच्या मैत्रिणीने घाबरून विचारले, ‘एनातु?’ मी म्हटले, ‘काही नाही, माझी भाषा चुकली.’

इथवर सारी गंमतच होती. संध्याकाळी आम्ही किनाऱ्याने वायरीच्या बाजूला चालत गेलो. चहाच्या टपरीवरच्या मावशींनी विचारले, ‘खयचे तुम्ही?’ आम्ही म्हटले, ‘बेळगावचे.’ मावशी क्षणभर गप्प राहिल्या. मग कप पुढे करत म्हणाल्या, ‘पाण्यात जाव नकात हां.’

त्या का गप्प झाल्या, हे आम्हां बेळगावकरांना सांगावे लागले नाही. एप्रिल २०१७ मध्ये कॉलेजच्या सहलीसाठी आलेले आपल्या गावचे आठजण त्याच वायरीच्या समुद्रात बुडाले. तेव्हा मी शाळेत होते. गल्लीतली मोठी माणसे हलक्या आवाजात बोलत होती, एवढे मला आठवते. डिसेंबर २०२४ मध्ये मुरुडेश्वरला सहलीसाठी आलेल्या कोलार जिल्ह्यातल्या चार शाळकरी मुली अशाच गेल्या. दर वेळी चार दिवस हळहळ होते, कोणाचा तरी दोष निघतो, सहलींवर बंदी घाला अशी मागणी येते आणि विषय मिटतो. परंतु बंदी घातल्याने पाणी उथळ होत नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पोहता न येणारी मी, इंग्रजी फॉर्म न वाचता, हाताची खूण विसरून पाण्याखाली गेले आणि पंधरा मिनिटांत परत येऊन व्हिडिओ पाहत बसले. यात माझे धाडस कोणते? जे काही होते ते त्या दादाचे. पाण्याविषयी मी काहीच शिकले नव्हते. पाण्याचे तिकीट तेवढे काढले होते.

घरी आल्यावर मी वाचू लागले. जगात इतरत्र सामान्य माणसे हा छंद कसा करतात? फ्रान्समध्ये १९४३ साली झाक कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी मागेल तेवढीच हवा देणारी झडप तयार केली. तेव्हापासून माणूस टाकी पाठीला लावून मोकळेपणाने पाण्यात हिंडू लागला. १९५३ साली लंडनमध्ये ऑस्कर गुगेन आणि पीटर स्मॉल यांनी ब्रिटिश सब-ॲक्वा क्लब स्थापन केला. या क्लबच्या शाखा गावोगाव आहेत आणि शाखेचा कारभार सभासदच चालवतात. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार हे तर आपल्या गणेशोत्सव मंडळातही असतात. तिथे चौथा एक असतो, डायव्हिंग ऑफिसर. शाखेतल्या पाणबुडीची आणि सुरक्षिततेची जबाबदारी त्याच्याकडे असते.

आठवड्यातून एक संध्याकाळ सार्वजनिक तलावात सराव, मग वर्ग, मग चहा-गप्पा, आणि सुट्टीच्या दिवशी मिळून समुद्रावर जाणे, असा शाखेचा साधा क्रम असतो. जुने सभासद नव्यांना शिकवतात आणि त्याचा पगार घेत नाहीत. हे वाचताना मला आपली तालीम आठवली. पहाटे पोरांना मातीत उतरवणारा वस्ताद पगारासाठी थोडाच येतो! त्याच्या वस्तादाने त्याला दिले, ते तो पुढे देतो.

आता थोडे हिशोबाचे. बारा लिटरच्या टाकीत हवा २०० बार दाबाने भरली, तर पाण्यावर श्वास घेण्याच्या हिशोबाने ती सुमारे २,४०० लिटर होते. ही आरंभीची शिल्लक. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो, म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही दुप्पट खर्ची पडते. वीस मीटरवर तिप्पट. जितके खोल, तितकी महागाई! म्हणून काटा शून्यावर येईपर्यंत कोणी थांबत नाही. ५० बार हाती असतानाच पाण्याबाहेर यायचे, हा राखीव निधी. वर येताना श्वास रोखायचा नाही, कारण खालच्या दाबाची हवा वर येताना फुगते आणि फुप्फुस फाटू शकते. वर यायचे तेही हळूहळू, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबून. शेवटी वहीत लिहायचे: दिनांक, ठिकाण, खोली, वेळ, उरलेली हवा. आमच्या भाषेत रोजकीर्द.

पण या जमाखर्चातली एक नोंद आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात मला सापडली नाही. पाण्यात कोणी एकट्याने उतरत नाही, जोडीने उतरतात. उतरण्यापूर्वी मी जोडीदाराचे पट्टे, झडप, टाकी तपासायची आणि तिने माझी. खाली माझ्या काट्याइतकेच तिच्या काट्याकडे लक्ष ठेवायचे. आणि प्रत्येकाच्या टाकीला तोंडात धरायची नळी एक नसते, दोन असतात. दुसरी बहुधा पिवळी, चटकन दिसेल अशी. ती माझ्यासाठी नाही. जोडीदाराची हवा संपली, तर तिच्यासाठी आहे. म्हणजे माझ्या पाठीवरच्या हवेवर दुसऱ्याचा हक्क मी पाण्यात शिरण्यापूर्वीच मान्य केलेला असतो. आमचे सर ज्याला आकस्मिक दायित्व म्हणतात, ते याहून स्पष्ट मला कोणी समजावलेले नाही.

पंधरा मिनिटांचे तिकीट आणि क्लब यांत फरक आहे तो इथे. तिकीट काढणाऱ्याला सांभाळून नेतात. क्लबमधला माणूस स्वतःबरोबर दुसऱ्यालाही सांभाळायला शिकतो. तिकिटाचा धंदा वाईट, असे माझे म्हणणे नाही. मालवणच्या कित्येक घरांची चूल त्यावर पेटते आणि माझा तो दादा आपल्या कामात तरबेज होता. परंतु गिऱ्हाईक म्हणून गेलेला माणूस गिऱ्हाईक म्हणूनच परततो. पुढच्या महिन्यात तोच माणूस कमरेएवढ्या पाण्यात ओढीत सापडला, तर त्या पंधरा मिनिटांचा त्याला काही उपयोग नाही.

क्लबने माणसे काय करू शकतात, याचे एक उदाहरण देते. १५४५ साली इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचे ‘मेरी रोझ’ हे लढाऊ जहाज पोर्ट्समथजवळ बुडाले. १९६५ साली अलेक्झांडर मॅकी नावाच्या लेखकाने साउथसी इथल्या शाखेच्या हौशी पाणबुड्यांना घेऊन ते शोधायला सुरुवात केली. १९७१ साली चिखलातून जहाजाची लाकडे दिसली आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये जहाजाचा सांगाडा वर काढला. त्या कामात पाचशेहून अधिक स्वयंसेवक पाणबुडे राबले. सुरुवात झाली ती सुट्टीच्या दिवशी जमणाऱ्या मंडळींच्या हौसेतून.

मला मात्र त्या जहाजापेक्षाही या क्लबची दुसरी एक गोष्ट मोठी वाटते. दरवर्षी तो अपघातांचा अहवाल छापतो. कोण चुकले याची नावे त्यात नसतात. काय चुकले ते असते. हवा लवकर संपली, जोडीदार हरवला, घाईने वर आला, अशा नोंदी सर्वांनी वाचाव्यात म्हणून छापतात. हे वाचून मी विचारात पडले. आपल्याकडे एवढे जीव गेले. त्यांतून आपण कोणत्या वहीत काय लिहून ठेवले? ताळेबंदात तोटा लपवला तर पेढी बुडते, हे आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवतात. इथे तर माणसे बुडतात.

आता आक्षेप. पहिला, बेळगावला समुद्र नाही. इंग्लंडमध्ये लेस्टरशायर हा समुद्रापासून दूरचा भाग आहे. तिथे स्टोनी कोव्ह नावाची दगडाची जुनी खाण पाण्याने भरली आहे आणि तिच्यात क्लबांचे लोक शिकतात. अर्थात आपल्याकडच्या खाणींत कोणी उडी मारावी असे मी मुळीच म्हणत नाही. तिथे पाण्यावर देखरेख असते, इथे नसते. पण पाणबुडीचे शिक्षण सुरू होते ते पोहण्याच्या तलावात, आणि तलाव आपल्या शहरात आहेत. पुढचे शिक्षण घ्यायचे, तर तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा संस्था आहे, मुरुडेश्वरसमोर नेत्राणी बेट आहे, गोवा तर शेजारीच.

दुसरा आक्षेप खर्चाचा. साधने विकत घेण्याची गरज नाही, ती भाड्याने मिळतात. आपल्याकडे गल्लीगल्लीत भिशी चालते. वीस जणांनी दरमहा थोडे थोडे जमवले, तर वर्षाकाठी चार-पाच जणांच्या रीतसर शिक्षणाला हातभार लागेल. पुढच्या वर्षी दुसरे पाच. खजिनदार पुरवण्याची जबाबदारी आम्हां वाणिज्य शाखेची!

तिसरा आक्षेप कोणी तोंडाने बोलत नाही. तो मुलींचा आहे. आमच्या शेतात विहीर आहे. दादाला बाबांनी पाठीला रिकामा डबा बांधून तिच्यात पोहायला शिकवले. मी काठावर बसून त्याचे कपडे सांभाळले. ‘तुला काय करायचे आहे पोहून?’ असे आजी म्हणायची. आजीचा दोष नाही. तिला स्वतःलाही कोणी शिकवले नव्हते. पण सहलीला मुलगी जाते, समुद्रात मुलगी उतरते, आणि लाट मुलगा-मुलगी पाहत नाही. आमच्या सातजणांत पाच मुली होत्या, हा योगायोग नाही.

म्हणून जिमखाना समितीकडे माझे मागणे असे आहे. पहिली पायरी, कॉलेजात येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला दोन वर्षांत पोहायला शिकवावे. मुलींसाठी वेगळी वेळ आणि शिकवायला बाई असावी. दुसरी पायरी, ज्यांना पोहणे जमले, त्यांचा जलक्रीडा संघ काढावा. बुडणाऱ्याला कसे वाचवायचे, श्वास कसा द्यायचा, हे त्याने आधी शिकावे. तिसरी पायरी स्कूबाची. ती शेवटी, घाई न करता. आणि पहिल्या दिवसापासून एक वही असावी: सहलीत, तलावात, विहिरीत काय चुकले याची, नावांशिवाय.

या संघात मराठी विभाग, कन्नड विभाग असे दोन विभाग करू नयेत, हीही विनंती. पाण्याखाली दोन्ही भाषा बंद. तिथे चालतात त्या हाताच्या खुणा, आणि त्या तरी आपण एकत्र बसून नीट पाठ कराव्यात. मी का म्हणते, ते आता वाचकांना ठाऊक आहे.

मी स्वतः मार्चपासून तलावावर जाते. माझ्या तुकडीतली बाकीची पोरे दुसरी-तिसरीतली आहेत आणि ती मला ‘अक्का’ म्हणतात. पंचवीस मीटर आता न थांबता जमतात. ‘एनातु’ विचारणारी मैत्रीणही येते. तिचे तीस झाले.

जिमखान्याला द्यायचा अर्ज आम्ही दोघींनी मिळून लिहिला आहे, एक प्रत मराठीत आणि एक कन्नडमध्ये. त्यावर आजवर तेवीस सह्या झाल्या आहेत. या खेपेस प्रत्येकाने वाचून सही केली आहे.

— एक विद्यार्थिनी, वाणिज्य शाखा, द्वितीय वर्ष