‘तोपर्यंत’ म्हणजे कोठपर्यंत?

अभियांत्रिकीचे शिक्षण मराठीतून द्यावे की देऊ नये, हा आपल्याकडचा जुना वाद २०२१ साली पुन्हा एकदा पेटला. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने त्या वर्षी प्रादेशिक भाषांतून पदवी अभ्यासक्रम चालविण्यास परवानगी दिली आणि आपल्या शेजारच्या पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयाने संगणक अभियांत्रिकीचा मराठी वर्ग सुरू केला. लगेच दोन तट पडले. एका तटाने मातृभाषेचा जयजयकार केला, दुसऱ्याने ‘मग हिंजवडीत नोकरी कोण देणार?’ असा प्रश्न टाकला. मात्र दोन्ही तटांची चर्चा अखेर एकाच ठिकाणी येऊन थांबली : पारिभाषिक शब्द. ‘कंपायलर’ला काय म्हणायचे, ‘आज्ञावली’ हा शब्द रुळेल का, ‘संगणक’ रुळला तसे बाकीचे का रुळत नाहीत, वगैरे. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले तेव्हापासून परिभाषा म्हटली की आपल्याला नामेच आठवतात. कोश नामांचे निघतात, थट्टाही नामांचीच होते.

माझे म्हणणे असे की, प्रोग्रॅमिंग शिकताना विद्यार्थी अडतो तो नामांपाशी नव्हेच. ‘कंपायलर’ हा शब्द परभणीहून आलेला मुलगा दोन दिवसांत उचलतो. तो अडतो ‘जर’, ‘तर’, ‘किंवा’, ‘पर्यंत’ या चिमुकल्या शब्दांपाशी, म्हणजे ज्यांना आपण अव्यये म्हणून शाळेत चार गुणांसाठी पाठ करतो आणि विसरून जातो त्यांच्यापाशी. हे एका मराठीच्या अध्यापिकेने म्हणावे यात पक्षपात दिसेल. पण विद्यार्थी प्रोग्रॅमिंग कसे शिकतात याविषयीचे गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांतले संशोधन मी जसजसे वाचत गेले, तसतशी माझी ही खात्री होत गेली.

या संशोधनाची एक शाखा अमेरिकेत येल विद्यापीठात रुजली. इलियट सोलोवे आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकात नवशिक्या विद्यार्थ्यांचे चुकलेले प्रोग्रॅम गोळा करीत होते. त्यांचा एक प्रश्न पुढे ‘पावसाचा प्रश्न’ म्हणून प्रसिद्ध झाला : रोजच्या पावसाचे आकडे वाचत जा, विशिष्ट आकडा आला की थांब आणि सरासरी सांग. आपल्याकडे शाळेच्या भूगोलाच्या वहीत असले उदाहरण सहज खपावे. पण प्रोग्रॅम म्हणून ते लिहिताना विद्यार्थी मोठ्या संख्येने चुकत. १९८३ साली सोलोवे, बोनार आणि एर्लिख यांनी असे दाखवून दिले की, माणसाची स्वाभाविक रीत ‘आकडा वाच, मग त्याचे काय ते कर’ अशी असते. त्या वेळची पास्कल ही भाषा मात्र हा क्रम उलटा करायला भाग पाडत असे. भाषेत थोडा बदल करून आवर्तनाच्या मधूनच बाहेर पडण्याची सोय दिली, तर अधिक विद्यार्थ्यांचे उत्तर बरोबर येई. म्हणजे दोष सर्वस्वी विद्यार्थ्याच्या बुद्धीचा नव्हता, त्याला दिलेल्या वाक्यरचनेचाही होता.

१९८५ साली बोनार आणि सोलोवे यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. नवशिक्याच्या चुकांचा मोठा स्रोत, त्यांच्या मते, त्याने प्रोग्रॅमिंग शिकण्यापूर्वी मिळविलेले ज्ञान हाच होता. विशेषतः रोजच्या बोलण्यात एकमेकांना कामे सांगण्याची जी भाषा असते तिचे ज्ञान. इंग्रजीत ‘व्हाइल’ म्हटले की ऐकणारा माणूस अटीकडे सतत डोळा ठेवून असतो. अट मोडली त्या क्षणी थांबतो. यंत्र तसे करीत नाही. ते प्रत्येक आवर्तनाच्या तोंडाशी एकदा अट तपासते आणि मग आतली सगळी कामे उरकूनच पुन्हा वर बघते. विद्यार्थी माणसाचा ‘व्हाइल’ घेऊन येतो आणि यंत्राचा ‘व्हाइल’ त्याला ठकवतो.

येथे इंग्रजीऐवजी मराठी ठेवून पाहू. ‘जोपर्यंत पाऊस थांबत नाही तोपर्यंत आडोशाला उभा राहा’, असे आईने सांगितले तर पाऊस थांबताच मूल निघते. ‘जोपर्यंत–तोपर्यंत’ या जोडीतही तोच सततचा डोळा आहे. आमच्या ग्रंथालयात एका विद्यार्थ्याने मला त्याच्या वहीतले एक उदाहरण दाखविले होते. एकूण शून्य, वेळा शून्य. जोपर्यंत एकूण शंभराहून कमी आहे तोपर्यंत एकूणात तीस मिळव, मग वेळा एकने वाढव. शेवटी ‘वेळा’ किती? त्याने लिहिले होते ३, यंत्राने दाखविले ४. त्याला म्हटले, मला हे मराठीत बोलून दाखव. तो म्हणाला, “मॅडम, नव्वदात तीस मिळवले की एकशेवीस झाले. शंभराच्या वर गेले ना! मग तिथंच थांबणार की. पुढची ओळ कशाला करील तो?” उत्तर चूक होते, पण मराठीचा त्याचा अर्थ अचूक होता. त्याच्या प्रात्यक्षिकाच्या वहीवर मात्र लाल शाईत एवढेच होते की लॉजिक कच्चे आहे.

हा ‘लॉजिक कच्चे’ शेरा मला फार डाचतो. मराठवाड्यातून, खानदेशातून बारावीपर्यंत मराठीत शिकून पुण्यात आलेल्या मुलांच्या कपाळी तो पहिल्याच सत्रात लागतो आणि पुढे चार वर्षे पुसला जात नाही. मूल स्वतःही तो खरा मानू लागते. विचार करण्याची शक्ती आणि एका विशिष्ट यंत्राच्या वाचनपद्धतीचा परिचय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला कोणी सांगत नाही. आणि ही अडचण केवळ आपल्याकडची नव्हे. मायकेल मॅक्रॅकन यांच्या पुढाकाराने २००१ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, प्रोग्रॅमिंगचे प्रारंभीचे अभ्यासक्रम संपविलेल्या चार विद्यापीठांतील २१६ विद्यार्थ्यांना ११० पैकी सरासरी २२.८९ गुण मिळाले होते. २००४ साली रेमंड लिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात देशांत आणखी मुळाचा प्रश्न विचारला : लिहिणे राहू द्या, दिलेला प्रोग्रॅम वाचून तो काय करील हे तरी सांगता येते का? पुष्कळांना तेही धड सांगता आले नाही. म्हणजे वाचनाचीच बोंब. ही तर आम्हा भाषेच्या शिक्षकांची जुनी तक्रार!

आता पुन्हा आपल्या अव्ययांकडे. मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून आजच्या शालेय पुस्तकांपर्यंत उभयान्वयी अव्ययांचे विवेचन चालत आले आहे : समुच्चयबोधक, विकल्पबोधक, संकेतबोधक. नीट पाहिले तर ‘आणि’, ‘किंवा’, ‘जर–तर’ ही संगणकाच्या तर्काची सगळी हत्यारे तेथे मांडून ठेवलेली आहेत. फरक एवढाच की मराठीत त्यांना धार वेगळी आहे. काही ठिकाणी ती अधिक तीक्ष्ण आहे. इंग्रजीतला ‘देन’ दोन कामे करतो. अटीचा परिणामही सांगतो आणि काळाचा क्रमही. मराठीत बहुधा पहिल्यासाठी ‘तर’ येतो, दुसऱ्यासाठी ‘मग’ किंवा ‘नंतर’. (बोलण्यात ‘मग’ दोन्हीकडे घुसतो, हे खरे.) तसेच ‘चहा की कॉफी?’ असे विचारले तर दोहोंपैकी एकच, हे ‘की’ सांगतो, तर ‘आधार कार्ड किंवा शिधापत्रिका आणा’ म्हटल्यावर कोणी दोन्ही आणली तरी खिडकीवरचा बाबू परत पाठवीत नाही. इंग्रजीत या दोहोंना एकच ‘ऑर’ आहे. यंत्राचा ‘ऑर’ शिधापत्रिकेचा आहे, चहाचा नव्हे, असे वर्गात सांगायला अर्धा मिनिट लागतो. ते सांगितले जात नाही, कारण शिकविणारा इंग्रजी ‘ऑर’मधून विचार करीत असतो आणि ऐकणारा ‘की’मधून.

काही ठिकाणी उलट मराठीच पेच टाकते. ‘सगळे विद्यार्थी आले नाहीत’ या वाक्याचा अर्थ काय? एकही आला नाही, की काही आले आणि काही राहिले? आपण प्रसंगावरून ओळखतो. नकार ‘सगळे’ला लागतो की ‘आले’ला, हा फरक मराठी वाक्य क्रियापदाशेजारी ‘नाही’ ठेवून झाकून टाकते. यंत्राच्या अटीत मात्र त्या दोन वेगळ्या ओळी असतात. आणि ‘ते’चे काय? ‘पान १ ते १० वाचा’ यात दहावे पान येते. पण पुण्यातल्या दुकानावरची ‘१ ते ४ बंद’ ही पाटी वाचणारा ग्राहक चारच्या ठोक्याला पायरीवर उभा असतो, कारण तेथे ‘४’ बंदमध्ये धरलेले नाही. (दुकानदाराचे मत वेगळे असू शकते.) पायथॉन या भाषेत १ ते १० अशी मर्यादा दिली की दहा वगळले जातात, नवशिक्याची मोजणी एकाने चुकते ती येथे. पाटीचा ‘ते’ आणि पानांचा ‘ते’ असे दोन्ही मराठी मुलाला ठाऊकच असतात. त्याला फक्त इतके सांगायचे असते की हा पाटीचा आहे.

हे सारे माझे तर्क आहेत, याची मला जाणीव आहे. बोनार आणि सोलोवे यांनी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांच्या चुका बसून तपासल्या. मराठी बोलणाऱ्या मुलांच्या चुका अशा बैठकीने तपासल्या पाहिजेत. आपल्याकडे पाया नाही असेही नाही. आयआयटी मुंबईत २०१० पासून शैक्षणिक तंत्रज्ञानात पीएच.डी.चे काम चालते. तेथेच योगेंद्र पाल आणि श्रीधर अय्यर यांनी हिंदी माध्यमातून आलेले विद्यार्थी प्रोग्रॅमिंग कसे शिकतात याचा अभ्यास केला. त्यात वर्गातले शिकणे आणि पडद्यावरच्या चित्रफितींतून शिकणे यांची तुलना होती. थांबवून, मागे नेऊन पाहता येणाऱ्या चित्रफितीत इंग्रजी निवेदनही या विद्यार्थ्यांना झेपू शकते, असा त्यांच्या निष्कर्षांचा रोख आहे. मातृभाषेत सारे आपोआप सोपे होते असे मानणाऱ्या आमच्या गोटाला हे रुचणार नाही. पण त्यातून एक मोलाचा धागा हाती लागतो : अडसर भाषेइतकाच वेगाचा आहे. याच संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने वेगळी वाट धरली. पडद्यावर इंग्रजी, कानात मराठी. दुसरीकडे सायमिंदु दासगुप्ता आणि बेंजामिन माको हिल यांनी २०१७ साली ‘स्क्रॅच’ वापरणाऱ्या नवशिक्या मुलांच्या नोंदी तपासल्या. इंग्रजी प्रमुख भाषा नसलेल्या पाच देशांत, ठोकळ्यांवरचे शब्द आपल्या भाषेत ठेवणारी मुले नव्या संकल्पना इंग्रजी ठोकळेवाल्यांपेक्षा लवकर वापरू लागली होती. ठोकळ्यांवरचे शब्द म्हणजे तरी काय? ‘जर’, ‘नाहीतर’, ‘पुन्हा कर’. बहुतेक अव्यये आणि क्रियापदे!

यावर एक आक्षेप हमखास येईल. आता यंत्रच प्रोग्रॅम लिहून देते, मराठीत सांगितले तरी देते, तेव्हा ही उठाठेव कशाला? मला तर उलटे वाटते. पूर्वी विद्यार्थी चुकला की यंत्र निदान अडून बसे. आता ‘सगळे विद्यार्थी आले नाहीत तर निरोप पाठव’ असे कोणी सांगितले, तर ते दोहोंपैकी एक अर्थ धरून, एक शब्द न विचारता प्रोग्रॅम हाती ठेवू शकते. रॉय पी यांनी १९८६ सालीच नोंदविले होते की, यंत्राच्या आत आपला हेतू ओळखणारे एक मन दडले आहे असे नवशिक्याला वाटत राहते आणि त्याच्या अनेक चुकांचे मूळ तेथे असते. ‘तो घेत नाहीये, मॅडम’ म्हणणाऱ्या आमच्या मुलांचा ‘तो’ हाच. आता तर ‘तो’ गोड बोलूही लागला आहे.

मग करायचे काय? संगणकाच्या आज्ञाच मराठीत लिहा, असा माझा आग्रह नाही. एसीएम इंडियाने २०१६ साली सुरू केलेला ‘सीएस-पाठशाला’ हा उपक्रम शाळांत संगणकीय विचार नेतो आहे. त्या पातळीवर मराठीतून प्रश्न तयार होतात ही चांगलीच गोष्ट आहे. महाविद्यालयाच्या पातळीवर मला हवे आहे ते फार किरकोळ : मराठी विभाग आणि संगणक विभाग यांनी एका टेबलाशी बसून पहिल्या सत्रातल्या चुकलेल्या वह्या वाचणे. आपल्या महाविद्यालयांत या दोन विभागांमध्ये बहुधा एक जिना आणि एक स्टाफरूम असते, पण एकमेकांच्या वह्या पाहण्याची रीत नसते. आम्ही मराठीवाले त्यांच्याकडे टंकलेखनातल्या अडचणी घेऊन जातो, ते आमच्याकडे मराठी दिनाच्या सूत्रसंचालनासाठी येतात. असो.

आमच्या संगणक विभागातल्या एका सहकाऱ्याने सत्राच्या आरंभी एक कागद वाटायचे कबूल केले आहे. त्यावर यंत्राचे नाव नाही, प्रोग्रॅमची एकही ओळ नाही. पाच मराठी वाक्ये आहेत आणि प्रत्येकाखाली ‘याचा अर्थ काय?’ एवढेच विचारले आहे. पहिले वाक्य : ‘टाकी भरेपर्यंत बादल्या ओत, आणि प्रत्येक बादलीनंतर वहीत एक रेघ मार.’ शेवटच्या बादलीने टाकी भरली. तिची रेघ मारायची की नाही?