किल्लीशिवाय खट्!

ऑफिसातले सगळे वीकेण्डला गिटार नाहीतर सालसा शिकतात. मी काय शिकतोय? कुलपं उघडायला! सरावाचं पारदर्शक कुलूप, जुन्या हॅकसॉ ब्लेडला कानस मारून केलेला आकडा आणि गाडीच्या वायपरमधली वाकवलेली पट्टी. बस्स, एवढाच सरंजाम.

फंडा सोपा आहे. आतल्या पिनांची भोकं कधीच तंतोतंत एका रेषेत नसतात. पट्टीने हलका ताण दिला की आधी एकच पिन अडकते. ती उचलायची, बारीकसं ‘टिक्’ होतं, मग पुढची. जोर लावलात की संपलं. (बॉस लोकांनी नोंद घ्यावी.) १८५१ साली लंडनमध्ये हॉब्ज नावाच्या अमेरिकनाने ब्रामा कंपनीचं ‘अजिंक्य’ कुलूप उघडलं, तेव्हा त्यालाही १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले होते. माझे तीन रविवार म्हणजे काहीच नाही!

दिवाळीत चाळीसगावला गेलो. माळ्यावर आजोबांची ट्रंक, किल्ली ते गेले तेव्हापासून गायब. माझी हत्यारं बघून आजी म्हणाली, “चोरी कराले शिकी राहिना का रे?” म्हटलं, आजी, मालकाने सांगितल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. आता मालक तूच. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, “उघड.”

चाळीस मिनिटांनी खट्! आत आजोबांचा कोट, रेशनकार्ड, धुळ्याच्या गाडीची जुनी तिकिटं. आजी कोट मांडीवर घेऊन बराच वेळ बसली.

दुसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली मात्र तिच्या पदराला बांधलेली होती.